अटलांटिकपार क्रूझ गाठायची, तर विमानाचे तिकीट एकेरी काढावे का? भंडाऱ्याहून निघणाऱ्यांसाठी सविस्तर माहिती

भंडारा जिल्ह्यातील अनेक घरांत आता एक तरी मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत आहे. आईवडील दर दोन-तीन वर्षांनी नागपूर-मुंबईमार्गे तिकडे जातात, चार-पाच महिने राहतात आणि परत येतात. या ठरलेल्या विमानप्रवासाला आता काही जण वेगळी जोड देऊ लागले आहेत. लंडनपर्यंत विमानाने जायचे, तिथून जहाजाने अटलांटिक महासागर ओलांडून न्यूयॉर्क गाठायचे आणि मुलांकडे राहून विमानाने परत यायचे.

कल्पना सोपी वाटते. पण जहाज एकाच दिशेने जाते, त्यामुळे विमानाची नेहमीची 'जाण्या-येण्याची' तिकिटे इथे चालत नाहीत. जायचे तिकीट एका शहराचे, परतीचे दुसऱ्याच खंडातून. मग दोन एकेरी तिकिटे काढायची का? ती महाग पडतात का? परतीचे तिकीट हातात नसेल तर विमानतळावर अडवतात का? आणि विमान उशिरा पोहोचले, तर जहाज थांबते का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधीच देता येते: थांबत नाही. बाकीची उत्तरे पाहू.

अटलांटिकपार क्रूझ म्हणजे नेमके काय?

युरोप आणि अमेरिका यांच्यामधला महासागर ओलांडणारी जहाजे आज दोन प्रकारची आहेत.

पहिला प्रकार नियमित फेऱ्यांचा. क्युनार्ड या ब्रिटिश कंपनीचे 'क्वीन मेरी २' हे जहाज २००४ पासून इंग्लंडमधील साउदॅम्प्टन आणि न्यूयॉर्क यांच्यात ये-जा करते. हा प्रवास साधारण सात रात्रींचा असतो आणि मध्ये बहुधा कुठलेही बंदर लागत नाही. वर्षाच्या सुरुवातीचे काही महिने हे जहाज सहसा जागतिक सफरीवर असते. अटलांटिकच्या फेऱ्या मुख्यतः वसंत ऋतूपासून डिसेंबरपर्यंत होतात.

दुसरा प्रकार हंगामी स्थलांतराचा. उन्हाळ्यात भूमध्य समुद्रात फिरणारी क्रूझ जहाजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कॅरिबियन बेटांकडे निघतात आणि एप्रिल-मेमध्ये परत युरोपात येतात. जहाजाला जायचेच असते, म्हणून कंपन्या या फेरीची तिकिटे विकतात. दिवसांच्या हिशोबात ती अनेकदा स्वस्त पडतात. बार्सिलोना, रोमजवळचे चिविताव्हेकिया किंवा लिस्बनहून निघून मदेरा, अझोर्स किंवा कॅनरी बेटांना थांबत मायामी, फोर्ट लॉडरडेल अशा बंदरांत पोहोचायला साधारण दोन आठवडे लागतात.

दोन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. प्रवासी जिथे चढतो, तिथे उतरत नाही. तिकिटांचा आणि व्हिसाचा सगळा गुंता इथूनच सुरू होतो.

हा मार्ग मराठी माणसाला नवा आहे का?

अजिबात नाही. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये कोलकात्याहून बोटीने निघाल्या आणि त्या वर्षी जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये इंग्लंडहून अटलांटिक ओलांडून फिलाडेल्फियाला गेल्या, त्या आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर जुलै १९१३ मध्ये बोटीनेच न्यूयॉर्कला पोहोचले आणि १९१६ मध्ये तोच महासागर उलट दिशेने ओलांडून लंडनला गेले. बाबासाहेबांनी पुढे १९५४ मध्ये भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली होती. भंडारेकर आज ज्या नागपूर विमानतळावरून उड्डाण करतात, त्यालाही त्यांचेच नाव आहे.

त्या काळी जहाजाला पर्याय नव्हता. १९५८ मध्ये अटलांटिकवर जेट विमाने उडू लागली आणि काही वर्षांतच प्रवासी बोटींचा धंदा बसला. आज जे उरले आहे ते हौसेचे आहे. पण व्हिसा, विमा आणि विमानकंपन्यांचे नियम हौसेला सवलत देत नाहीत.

एकेरी तिकीट महाग का पडते?

रेल्वेत वरठीच्या भंडारा रोड स्थानकावरून मुंबईचे तिकीट काढले, तर जाण्याचे जितके भाडे तितकेच येण्याचे. देशातील विमानांचेही बहुतेक असेच असते. आंतरराष्ट्रीय विमानसेवेत मात्र मोठ्या कंपन्या जाण्या-येण्याचे भाडे वेगळ्या पद्धतीने ठरवतात. सुटीला जाणारा प्रवासी परत येणारच असतो आणि तो भाव पाहून तिकीट काढतो, म्हणून त्याच्यासाठी स्वस्त भाडी ठेवलेली असतात. एकेरी तिकीट काढणारा प्रवासी बहुधा कामासाठी, नोकरीसाठी किंवा घाईने जाणारा असतो, असे गृहीत धरले जाते. त्यामुळे एकेरी भाडे परतीच्या भाड्याच्या निम्म्याहून बरेच जास्त असू शकते. कधी कधी ते जवळपास परतीच्या भाड्याइतकेच निघते.

यावर दोन मार्ग आहेत.

पहिला, 'मल्टी-सिटी' तिकीट. विमानकंपन्यांच्या संकेतस्थळांवर 'वन वे' आणि 'राउंड ट्रिप' यांच्या शेजारी हा तिसरा पर्याय असतो. त्यात जाताना नागपूर ते लंडन आणि येताना न्यूयॉर्क ते नागपूर असे एकाच तिकिटावर मागता येते. मधला लंडन-न्यूयॉर्क टप्पा प्रवासी स्वतःच्या सोयीने, म्हणजे इथे जहाजाने, पार करतो. अशा तिकिटाचे भाडे साधारणपणे दोन्ही मार्गांच्या परतीच्या भाड्यांचा निम्मा-निम्मा भाग जोडून काढले जाते. म्हणून ते दोन सुट्या एकेरी तिकिटांपेक्षा अनेकदा स्वस्त पडते. शिवाय परतीचे तिकीट हातात असल्याने व्हिसा अधिकाऱ्यांपुढे आणि चेक-इन खिडकीवर बोलणे सोपे जाते.

दुसरा, दोन वेगळ्या कंपन्यांची दोन एकेरी तिकिटे. काही कंपन्या, विशेषतः कमी भाड्याच्या, प्रत्येक दिशेचे भाडे स्वतंत्र ठेवतात. तिथे एकेरी तिकीट महाग पडत नाही. परतीची तारीख अजून ठरलेली नसेल, तर हा पर्याय सोयीचा असतो. मुलीचे बाळंतपण, नातवाची शाळा किंवा मुलाची बदली यावर परतीची तारीख अवलंबून असलेल्या आईवडिलांना एकेरी तिकिटाची मोकळीक मोलाची वाटू शकते.

म्हणून निर्णयापूर्वी दोन्ही आकडे कागदावर मांडावेत. तुलना करताना सामानाचे शुल्क, तारीख बदलण्याचे शुल्क आणि रद्द केल्यास मिळणारी रक्कम हेही धरावे.

परतीचे स्वस्त तिकीट काढून परतीचा प्रवास सोडून दिला तर?

'एकेरीपेक्षा परतीचे तिकीट स्वस्त आहे, मग तेच काढू आणि येताना वापरायचे नाही,' असा सल्ला ओळखीचे लोक देतात. हे करण्यापूर्वी दोन गोष्टी माहीत हव्यात.

एक, बहुतेक कंपन्यांच्या अटींत तिकिटाचे टप्पे क्रमाने वापरणे बंधनकारक असते. पहिला टप्पा चुकवला, तर पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द होतात. नागपूर-मुंबई-लंडन असे तिकीट असताना कोणी मुंबईपर्यंत रेल्वेने गेले आणि थेट मुंबईच्या खिडकीवर उभे राहिले, तर लंडनची जागा आधीच गेलेली असू शकते. मल्टी-सिटी तिकिटालाही हाच नियम लागू होतो. जाण्याचा टप्पा चुकला, तर परतीचाही जातो.

दोन, शेवटचा टप्पा मुद्दाम सोडणे अनेक कंपन्यांच्या अटींत बसत नाही. काही कंपन्या भाड्यातील फरक वसूल करण्याचा हक्क राखून ठेवतात. अशा तिकिटाची परतीची तारीख व्हिसा अर्जात दाखवली आणि प्रवास वेगळाच केला, तर कागदपत्रांत विसंगती राहते. खरा प्रवास सांगणारी कागदपत्रे पुढच्या व्हिसासाठीही उपयोगी पडतात.

परतीचे तिकीट नसेल तर विमानात बसू देतात का?

चेक-इन खिडकीवरचा कर्मचारी संगणकावर 'टिमॅटिक' नावाच्या प्रणालीत प्रवाशाचा पासपोर्ट, व्हिसा आणि जाण्याचे ठिकाण तपासतो. कुठल्या देशात कोणती कागदपत्रे लागतात, याची ही जागतिक नोंदवही आहे. कर्मचारी इतका काटेकोर असतो, कारण कागदपत्रे अपुरी असलेला प्रवासी नेला तर कंपनीला दंड होतो आणि त्याला परत आणण्याची जबाबदारीही तिच्यावर येते. युरोपीय संघाच्या नियमांत हा दंड एका प्रवाशामागे काही हजार युरो आहे.

एकेरी तिकीट दिसले, की 'तिथून पुढे कसे जाणार?' हा प्रश्न येतो. उत्तर म्हणून पुढील कागद छापील स्वरूपात हातात असावेत.

• क्रूझचे निश्चित झालेले बुकिंग. त्यावर जहाजाचे नाव, तारीख, चढण्याचे व उतरण्याचे बंदर आणि प्रवाशाचे नाव असावे.
• अमेरिकेचा वैध व्हिसा.
• अमेरिकेहून भारतात येण्याचे विमान तिकीट, काढलेले असल्यास.
• जहाजाच्या आधीच्या रात्रींचे हॉटेल बुकिंग.

जहाजाचे तिकीट हे 'पुढच्या प्रवासाचा पुरावा' म्हणून धरले जाते. पण खिडकीवरच्या प्रत्येकाला अशी प्रकरणे रोज पाहायला मिळत नाहीत. म्हणून नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचणे शहाणपणाचे.

कोणते व्हिसा लागतात आणि आधी कोणता घ्यावा?

भारतीय पासपोर्टधारकासाठी संपूर्ण प्रवासातला हा सर्वांत नाजूक भाग आहे. अमेरिकी किंवा युरोपीय प्रवाशांसाठी लिहिलेल्या सल्ल्यांत तो जवळजवळ नसतोच, कारण त्यांना अनेक ठिकाणी व्हिसाच लागत नाही.

साउदॅम्प्टनहून जहाज पकडायचे, तर ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा लागतो. बार्सिलोना, रोम किंवा लिस्बनहून पकडायचे, तर शेंगेन व्हिसा. दोन्ही मार्गांनी उतरायचे अमेरिकेत, म्हणून बी-१/बी-२ व्हिसा लागतोच. तो नसेल तर क्रूझ कंपनी युरोपातच जहाजावर चढू देत नाही, कारण मध्यसमुद्रात प्रवाशाला उतरवता येत नाही.

क्रम असा ठेवावा. आधी अमेरिकेचा व्हिसा पाहावा. मुलांकडे जाणाऱ्या अनेक आईवडिलांकडे तो दहा वर्षांचा असतो. जुन्या पासपोर्टवर असलेला वैध व्हिसा चालतो, फक्त दोन्ही पासपोर्ट सोबत ठेवावे लागतात. व्हिसा नसेल, तर मुलाखतीची तारीख मिळायलाच बराच काळ लागू शकतो. तो हातात येईपर्यंत क्रूझचे पैसे भरू नयेत. युरोपच्या व्हिसासाठीही अमेरिकेचा व्हिसा उपयोगी पडतो, कारण अर्जदार युरोपातून बाहेर पडून पुढे कुठे जाऊ शकतो, हे त्यावरून दिसते.

त्यानंतर ब्रिटन किंवा शेंगेन. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावा लागतो. त्यासाठी किमान ३०,००० युरो संरक्षणाचा वैद्यकीय विमा लागतो. जहाज मध्ये मोरोक्कोसारख्या शेंगेनबाहेरच्या बंदरात थांबून पुन्हा कॅनरी बेटांवर येणार असेल, तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरत नाही. कारण कॅनरी, मदेरा आणि अझोर्स ही बेटे शेंगेन क्षेत्रातच मोडतात. अशा वेळी अनेक प्रवेशांचा व्हिसा मागावा.

पैसे नेमके कुठे अडकतात?

ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी करता येतो. क्रूझची उरलेली पूर्ण रक्कम मात्र कंपन्या साधारण ९० ते १२० दिवस आधी मागतात. म्हणजे व्हिसाचा अर्ज करता येण्याच्या आधीच, किंवा निकाल येण्याच्या आधी, संपूर्ण पैसे भरून झालेले असतात. व्हिसा नाकारला, तर क्रूझची रक्कम अटींप्रमाणे कापली जाते. 'व्हिसा मिळाला नाही' हे कारण बहुतेक विमा पॉलिसींत ग्राह्य नसते.

यावर पूर्ण तोडगा नाही, पण धोका कमी करता येतो. पूर्वी ब्रिटनला जाऊन आलेल्यांनी सहा महिन्यांऐवजी दोन वर्षांच्या व्हिसाचा विचार करावा. तो आधीच्या सहलीत घेतलेला असेल, तर हा प्रश्नच उरत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी बुकिंग करतानाच अंतिम रक्कम कधी भरायची आणि कोणत्या तारखेला किती टक्के कापले जाते, हा तक्ता कंपनीकडून लेखी घ्यावा. विमानाचे तिकीट शक्यतो व्हिसा आल्यावर काढावे. आधी काढायचेच असेल, तर रद्द केल्यावर पैसे परत मिळणारे काढावे. ब्रिटनच्या अर्जासाठी निश्चित तिकीट बंधनकारक नाही. प्रवासाचा आराखडा आणि खर्चाची सोय दाखवावी लागते.

कराचाही एक मुद्दा आहे. भारतातील पर्यटन कंपनीकडून विमान, हॉटेल आणि क्रूझ असे एकत्र पॅकेज घेतले, तर त्यावर टीसीएस गोळा केला जातो. नुसते विमानाचे तिकीट काढले, तर ते 'पॅकेज' ठरत नाही. टीसीएसचे दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, म्हणून त्या वर्षीचा दर विचारून घ्यावा. ही रक्कम बुडीत नसते. प्राप्तिकर विवरणपत्र भरताना ती करातून वळती होते किंवा परत मिळते. त्यासाठी पावतीवर पॅन क्रमांक बरोबर असायला हवा.

भंडाऱ्याहून निघताना किती दिवस हाताशी ठेवावेत?

समजा, जहाज शुक्रवारी संध्याकाळी साउदॅम्प्टनहून सुटणार आहे. निवृत्त शिक्षक असलेले एक दाम्पत्य भंडाऱ्याहून निघते. लंडनला नागपूरहून थेट विमान नाही, म्हणून मुंबई, दिल्ली किंवा आखातातील एखाद्या शहरातून जावे लागते.

गुरुवारी निघून शुक्रवारी सकाळी लंडनला उतरू, असा बेत कागदावर बसतो. पण त्यात चुकीला जागाच नाही. नागपूरचे विमान दोन तास उशिरा सुटले, तर मुंबईचे विमान चुकते, आणि पुढचे विमान दुसऱ्या दिवशीचे असते. जहाजाची प्रवासी यादी सुटण्याच्या बऱ्याच आधी बंद होते. भूमध्य समुद्रातल्या सहलीत जहाज चुकले, तर पुढच्या बंदरावर गाठता येते. साउदॅम्प्टन-न्यूयॉर्क फेरीत पुढचे बंदर म्हणजे थेट न्यूयॉर्क. विमानकंपनी फार तर विमानाच्या भाड्यापुरती जबाबदारी घेते, जहाजाचे गेलेले पैसे भरून देत नाही.

म्हणून या दाम्पत्याने मंगळवारी भंडाऱ्याहून निघावे, बुधवारी लंडनला उतरावे, गुरुवार मोकळा ठेवावा आणि शुक्रवारी दुपारी बंदरावर जावे. हीथ्रो विमानतळ ते साउदॅम्प्टन हे अंतर साधारण शंभर किलोमीटरहून थोडे जास्त आहे. थेट बस मिळते. साउदॅम्प्टनला एकाहून अधिक क्रूझ टर्मिनल आहेत, त्यामुळे आपले कोणते हे बोर्डिंग पासवर आधीच पाहावे. दोन रात्रींच्या हॉटेलचा खर्च वाढतो खरा, पण तो जहाज चुकण्याच्या तुलनेत नगण्य आहे.

आणखी एक खबरदारी. नागपूर ते लंडन हा सगळा प्रवास एकाच पीएनआरवर असावा. तसे असल्यास पहिले विमान उशिरा झाले, तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची राहते. नागपूर-मुंबई एका कंपनीचे आणि मुंबई-लंडन दुसऱ्या कंपनीचे वेगळे तिकीट काढले, तर दुसरी कंपनी प्रवाशाला 'आलाच नाही' असे धरते. सामानाचाही फरक पडतो. देशांतर्गत सुट्या तिकिटावर सहसा १५ किलो सामान नेता येते, तर आंतरराष्ट्रीय तिकिटावर २३ किलो किंवा अधिक. सुटे तिकीट काढणाऱ्याला नागपुरातच जादा सामानाचे पैसे मोजावे लागतात.

न्यूयॉर्कला उतरल्यावर काय होते?

पश्चिमेकडे जाताना जहाजावर पाच वेळा घड्याळ एकेक तास मागे घेतात. म्हणजे पाच दिवस २५ तासांचे मिळतात आणि लंडन-न्यूयॉर्कमधला पाच तासांचा फरक शरीराला न जाणवता भरून निघतो. ज्येष्ठांना हा प्रवास आवडण्याचे हे एक मोठे कारण आहे. उलट दिशेने, न्यूयॉर्कहून साउदॅम्प्टनला येताना, पाच दिवस २३ तासांचे होतात.

जहाज ब्रुकलिनच्या बंदरात पहाटे लागते. तिथे अमेरिकी अधिकारी विमानतळासारखीच तपासणी करतात. किती दिवस राहता येईल, हे व्हिसावरच्या तारखेवरून ठरत नाही. अधिकारी जी मुदत देतो, ती आय-९४ या ऑनलाइन नोंदीत दिसते. बी-२ व्हिसावर ती बहुधा सहा महिन्यांची असते. जहाजाने आलेल्यांनी ही नोंद घरी पोहोचताच संकेतस्थळावर उघडून पाहावी, छापून ठेवावी आणि परतीची तारीख त्याच्या आतच ठेवावी. परतीचे एकेरी तिकीट अजून काढले नसेल, तर ते या तारखेच्या बरेच आधीचे काढावे.

लगेच पुढचे विमान पकडणाऱ्यांनी सकाळचे विमान टाळावे. धुके किंवा खराब हवामानामुळे जहाजाला काही तास उशीर होऊ शकतो, आणि हजारो प्रवासी एकाच वेळी उतरत असतात.

भंडाऱ्याच्या लोकांसाठी एक वेगळी सूचना. मुलांसाठी चिन्नोर तांदळाची पिशवी बांधून नेण्याचा मोह आवरावा. खाप्रा भुंगेऱ्याच्या भीतीने अमेरिका भारतातून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानातील तांदूळ आत येऊ देत नाही. बहुतेक क्रूझ कंपन्या घरी शिजवलेले पदार्थही जहाजावर आणू देत नाहीत.

उलट दिशेने प्रवास केला तर?

काही जण आधी विमानाने मुलांकडे जातात आणि परतताना जहाजाने इंग्लंडला येऊन तिथून विमानाने भारतात येतात. यात जहाज गाठण्याची धावपळ कमी होते, कारण प्रवासी आधीच अमेरिकेत असतो. अडचण वेगळीच येते. ब्रिटनचा किंवा शेंगेनचा व्हिसा शक्यतो भारतातूनच घेऊन निघावा, आणि अमेरिकेतला मुक्काम लांबला तर त्याची मुदत संपू शकते. शिवाय ब्रिटनहून सुटणाऱ्या विमानांवर तेथील सरकार प्रवासी कर लावते. भारताच्या अंतरासाठी इकॉनॉमी वर्गात तो साधारण ९० ते १०० पौंडांच्या आसपास असतो. ब्रिटनमध्ये फक्त उतरणाऱ्या विमानावर हा कर नाही. भाड्याची तुलना करताना हा फरक लक्षात घ्यावा.

वेळेचा एक घोळही ध्यानात ठेवावा. युरोपातील घड्याळे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिकेतील नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे जातात. हंगामी फेऱ्या नेमक्या याच सुमारास असतात. तिकिटावरची वेळ ही त्या-त्या गावची स्थानिक वेळ असते. भारतातून हिशोब मांडताना एका तासाची चूक सहज होते.

जहाजावर नोकरीला जाणाऱ्यांचे एकेरी तिकीट

एकेरी तिकीट घेऊन जहाज गाठायला निघणारा दुसरा वर्ग नोकरीसाठी जाणाऱ्या तरुणांचा. हॉटेल व्यवस्थापन शिकलेली विदर्भातील मुले क्रूझ जहाजांवर स्वयंपाकघरात, हाउसकीपिंगमध्ये काम करतात. त्यांचे नियम पर्यटकांपेक्षा वेगळे आहेत.

खलाशी आणि जहाजावरील कर्मचारी यांना सीडीसी हे नोंदपुस्तक, मूलभूत सुरक्षा प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे आणि नोकरीचा करार लागतो. अमेरिकी बंदरात चढायचे असेल, तर सी-१/डी व्हिसा लागतो. त्यांचे तिकीट एकेरीच असते, कारण करार संपेल तेव्हा जहाज कुठे असेल हे आधी ठरलेले नसते. चेक-इन खिडकीवर परतीच्या तिकिटाऐवजी कंपनीचे हमीपत्र दाखवले जाते. खलाशांसाठीच्या विशेष भाड्यात जास्त सामान नेता येते आणि तारीख बदलणेही सोपे असते.

महत्त्वाची गोष्ट अशी, की हे तिकीट तरुणाने स्वतःच्या पैशाने काढायचे नसते. भारताने २०१५ मध्ये मान्य केलेल्या सागरी कामगार करारानुसार नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून शुल्क घेता येत नाही, आणि करार संपल्यावर घरी परत पाठवण्याचा खर्च जहाजमालकाचा असतो. भरती करणाऱ्या संस्थेकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना असावा लागतो. तो क्रमांक महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. कोणी तीन-चार लाख रुपये मागून पर्यटक व्हिसा आणि एकेरी तिकीट हातात ठेवत असेल आणि 'जहाजावर गेल्यावर करार मिळेल' म्हणत असेल, तर तिथेच थांबावे. पर्यटक व्हिसावर जहाजावर नोकरी करता येत नाही, आणि एकेरी तिकिटावर गेलेल्या मुलाला परत आणण्याची वेळ घरच्यांवर येते.

निघण्यापूर्वी काय तपासावे?

• पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने असावी.
• विमान, क्रूझ आणि व्हिसा या तिन्हींवरचे नाव पासपोर्टप्रमाणेच असावे. आपल्याकडे वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये लावण्याची पद्धत आहे. एका ठिकाणी ते आले आणि दुसऱ्या ठिकाणी गाळले, तर खिडकीवर अडचण येते. लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांनी हे विशेष पाहावे.
• विमा विमानापुरता नको. जहाजावरचे दिवस, जहाजावरचा दवाखाना, अमेरिकेतला मुक्काम आणि जहाज चुकण्याची शक्यता या चारही गोष्टी त्यात आहेत का, ते वाचावे. जहाजावरील डॉक्टरचे बिल मोठे येते आणि भारतातील नेहमीची आरोग्य विमा पॉलिसी ते सहसा देत नाही.
• जहाज ब्राझीलसारख्या देशात उतरणार असेल, तर त्या देशाच्या व्हिसाबरोबर पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र लागते. ही लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी मान्यताप्राप्त केंद्रातच घ्यावी. प्रमाणपत्र नसेल, तर भारतात परतल्यावर विलगीकरणात ठेवले जाऊ शकते.
• चाकाची खुर्ची हवी असल्यास विमान आणि जहाज दोन्हींकडे आधी नोंद करावी.
• औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी, दोन्ही पासपोर्ट आणि छापील बुकिंग हातातल्या पिशवीतच असावे. १९१७ मध्ये मायदेशी परतताना बाबासाहेबांनी आपली पुस्तके आणि सामान वेगळ्या बोटीने पाठवले होते. ती बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. आज पाणबुडीचे भय नाही, पण विमानात चढवलेली बॅग दोन दिवस उशिरा येणे ही रोजची गोष्ट आहे. जहाज सुटल्यावर ती बॅग मालकापर्यंत पोहोचते ती आठवडाभराने, महासागराच्या पलीकडे.

थोडक्यात, परतीची तारीख नक्की असेल तर एकाच कंपनीचे मल्टी-सिटी तिकीट बहुतेकांना सोयीचे आणि स्वस्त पडते. तारीख नक्की नसेल, तर एकेरी तिकीट काढायला हरकत नाही. मात्र क्रूझचे बुकिंग आणि पुढच्या देशाचा व्हिसा हातात हवा, नागपूरपासूनचा प्रवास एकाच पीएनआरवर हवा आणि जहाज सुटण्याच्या किमान दोन दिवस आधी त्या देशात पाऊल ठेवलेले हवे.